खिडक्या लावायची वेळ

सूर्य खाऱ्या तळ्यात बुडायच्या आधी
बाबा खिडक्या लावतात.
काब्रासच्या या घरात सहा खिडक्या,
आणि ते शहाऐंशी वर्षांचे,
त्यामुळे दिवेलागणीचा हा कार्यक्रम
बराच वेळ चालतो.

जुलैत भिंतींनाही घाम फुटतो.
उकाड्यात माझा डावा पाय माझा राहत नाही,
शब्द जिभेपर्यंत येऊन परत फिरतात,
बोईच्या गाबोळीला मीठ चोळताना
मीठ आहे की वाळू
बोटांना सांगता येत नाही.

अकरा वर्षं याला नाव नव्हतं.
एक म्हणाला, नसा. एक म्हणाला, पाळी जायचं वय.
वहिनी काही म्हणाली नाही,
फक्त माझ्या वाटणीची भांडी आवाज करत घासली.
त्सिया ग्रात्सिएद्दाने पाण्यात गव्हाचे दाणे सोडले,
दाण्यांना बुडबुडे आले: दृष्ट.
कोणाची, ते दाण्यांनी सांगितलं नाही.

मग काल्यारीला, एमआरआयच्या नळीत.
पडद्यावर माझा मेंदू,
कसर लागलेल्या शालीसारखा.
डॉक्टर ओर्रू हळू बोलतात.
म्हणाल्या, शरीराचे राखणदारच
घरच्यांना ओळखेनासे झालेत, कदाचित.
म्हणाल्या, या बेटावर पिढ्यान् पिढ्या हिवताप,
दलदलीत जी माणसं तगली
त्यांच्या रक्तात काहीतरी फार जागं होतं.
आता दलदल नाही,
हिवताप नाही,
ते मात्र जागंच आहे,
कदाचित. सिद्ध झालेलं नाही.
पेनाचं टोपण त्यांनी तीनदा लावलं, तीनदा काढलं.

कुंपणच शेत खातं, एवढंच मला कळलं.
पण त्या 'कदाचित'चा राग आला नाही.
अकरा वर्षं सगळे खात्रीने बोलत होते.

परतताना बाबा गाडीत गप्प.
ओरिस्तानोच्या अलीकडे, भातशेतं लागली तिथे म्हणाले,
"म्हणजे माझ्याकडून?"
मी म्हटलं, "सिद्ध झालेलं नाही."
त्यांनी मान हलवली, आणि हात
मांडीवर उताणे ठेवले,
जसे कोणी तपासणार आहे.

त्यांना हिवताप सातव्या वर्षी.
पानथरी एवढी फुगलेली, की शाळेत
मुलं पोटावर टिचक्या मारून ढोल वाजवत.
धाकटा पिएत्रिनू त्याच गादीवर,
त्याला थंडी भरून आली
ती उतरलीच नाही.
मग पाठीवर पंप घेतलेली माणसं आली,
घरं फवारली, भिंतीवर लिहून गेली
डीडीटी, आणि तारीख.
गोठ्याच्या भिंतीवर ती अक्षरं अजून आहेत.
बाबा दर दोन वर्षांनी चुना काढतात
तेवढा चौकोन सोडून.

संपलं, हे त्यांना ठाऊक आहे.
हातांना ठाऊक नाही.
आणि मी अंधारात, बंद खोलीत, घामाने भिजून
त्यांच्या मायेखाली
पाय शोधत राहते.
सांगितलं कधीच नाही. कसं सांगायचं?

काल संध्याकाळी पाच कड्या वाजल्या.
मी मोजत होते, सवयीने.
सहावी वाजायच्या ऐवजी ते आत आले,
माझी खिडकी सताड उघडली,
खुर्ची ओढून उशाशी बसले,
मांडीवर ओला टॉवेल.

तळ्यावरून वारा आला, खारा, शेवाळाच्या वासाचा.
मध्यरात्रीनंतर दोन बोटं परत आली,
अंगठा नाही.
बाबा झोपले नाहीत.
पहाटे केव्हातरी एक डास आला.
टॉवेल वर गेला, तिथेच थांबला.
दिव्याभोवती दोन फेऱ्या मारून
तो आला तसा गेला.

"हा त्यातला नाही," बाबा म्हणाले,
आणि थोड्या वेळाने,
"कदाचित."